आवडेल तेथे प्रवास

निवृत्त माणूस हा सोसायटीच्या सामाईक मालमत्तेत मोडतो. पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीची किल्ली आणि तो. उपविधींत तसं कुठे लिहिलेलं नाही, पण सभासदांना ते कलम तोंडपाठ असतं. मी बँकेतून निवृत्त झालो आणि आमच्या दारामागच्या खुंटीवर शेजाऱ्यांची पहिली किल्ली आली. आता तिथे एवढा जुडगा झालाय की आमचीच किल्ली शोधावी लागते. सिलिंडर घ्या, कुरिअरवर सही करा, प्लंबर येईल त्याच्या मागे उभे राहा, कुंड्यांना पाणी घाला. मंडळी बालीला जातात, व्हिएतनामला जातात आणि जाताना उरलेलं दूध माझ्या हवाली करतात. व्हिएतनाम मी पाहिलेला नाही. पण व्हिएतनामला गेलेल्या माणसाच्या बाल्कनीतली तुळस पाण्यावाचून किती तग धरते, ते मला विचारावं.

याबद्दल तक्रार नाही. बँकेत असताना लोकांच्या पैशांवर लक्ष ठेवत होतो, आता कुंड्यांवर ठेवतो. कुंड्या निदान व्याजाचा दर का उतरला असं विचारत नाहीत. फक्त एक गोष्ट खुपायची. नोकरीत असताना फिरायला सवड नव्हती आणि सवड झाली तेव्हा ती परस्पर वाटली गेली होती. म्हणून गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, मी जाहीर केलं की मी एकटा फिरायला जाणार. ही म्हणाली, "खुशाल जा. रिटायर तुम्ही झालात, मी कुठे झाले? तुम्ही आठवडाभर गेलात तर मीही होऊन बघेन."

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पास असतो. १९८८पासून तो चालू आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा घ्यायचा आणि मुदत संपेपर्यंत दिसेल त्या गाडीत चढायचं, वाटेल तिथे उतरायचं. सरकारी कारभारात इतकं लाघवी नाव दुसऱ्या कशाला दिलेलं मला आठवत नाही. हिने लगेच हिशेब मांडला. पासष्टी ओलांडलेल्यांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर तर २०२२पासून चक्क फुकट. "मग एवढे पैसे मोजून पास कशाला? अर्ध्या तिकिटात तेवढंच फिरून होईल. नाहीतर आठ वर्षं थांबा." हिशेब बिनचूक होता. पण अर्धं तिकीट मागतानाही कंडक्टरला गावाचं नाव सांगावं लागतं आणि मला नेमकं तेच नको होतं. गाडी दिसावी, चढावं, एखादं वळण मनात भरलं की उतरावं. बेत असा की काही बेतच नसावा.

पासासाठी फोटो काढायला कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो, तर तिथे तळमजल्यावरच्या काकू आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या. एवढं पुरे झालं. संध्याकाळी दाराची बेल वाजायला लागली ती रात्री बातम्या संपेपर्यंत.

काकू पहिल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं. "कोल्हापूरकडे जाणारच आहात तर वाडीला जा. अंगारा आणा. आणि माझ्या वाटच्या अकरा प्रदक्षिणा घाला. मला काही आता झेपायच्या नाहीत." मी कोल्हापूरकडे जाणार हे तोवर मलाही माहीत नव्हतं. येताना कवठाची बर्फीही आणायची होती, पण तिचा गुडघ्याशी संबंध नव्हता.

मग तिसऱ्या मजल्यावरचा संगणकवाला मुलगा. २०२५च्या जूनमध्ये प्राडानं मिलानमधल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला, तेव्हापासून त्याला कोल्हापुरी हवी होती. त्याआधी सत्तावीस वर्षं त्याला ती आठवली नव्हती. त्यानं पायाचं माप मला पीडीएफ करून पाठवलं. मी ते छापून घेतलं, तर प्रिंटरनं कागदात बसवण्यासाठी पाय आवळून एवढासा करून टाकला. चप्पल शिवली असती तर ती मांजराला झाली असती. शेवटी त्याच्या आईनं त्याला आमच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढली. तो गुदगुल्यांनी उड्या मारत होता, त्यामुळे करंगळीपाशी एक खाडी तयार झाली.

वॉचमन त्यानंतर आला. जिन्यातच उभा राहिला. त्याची आई पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला एकटी राहते. तिची मोतीबिंदूची ऑपरेशनं त्यानं पुण्यात करवून घेतली होती. चष्मा तयार झाला तोवर ती गावी परतलेली, आणि त्याला रजा नाही, कारण बदली माणूस मिळत नव्हता. "साहेब, त्या अंगाला गेलात तर..." एवढंच म्हणाला. चष्म्याची डबी त्यानं धुतलेल्या रुमालात बांधून आणली होती.

आणि गुरुजी. पहिल्या मजल्यावरचे गुरुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे. सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात गेली. आता पुण्यात मुलाकडे असतात, पण पेन्शन अजून रत्नागिरीतच जमा होते. जिथे पहिला पगार झाला ते खातं बंद करणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटतं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी आपण हयात आहोत हे सिद्ध करायचा महिना. हे आता घरबसल्या होतं. पोस्टमन यंत्र घेऊन दारात येतो. पण गुरुजींच्या अंगठ्यावरच्या रेघा खडूनं खाल्लेल्या, यंत्राला त्यांत कोणीच दिसेना. मग मोबाइलवर चेहरा दाखवायचा ठरला. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकवा. समोर फोन धरून सून उभी. गुरुजी म्हणाले, "हे मी करणार नाही." झालं. शेवटी जुन्या पद्धतीनं अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा दाखला करून झाला, पण तो पाठवायचा कसा? रजिस्टर पोस्टावर त्यांचा विश्वास होता, ते २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आणि स्पीडवर त्यांचा विश्वास नाही. "तुम्ही हातोहात द्या," ते म्हणाले, "आणि पोच घ्या." अशा रीतीने एका माणसाचं जिवंत असणं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी माझ्या बॅगेत, पायजम्याच्या घडीत ठेवलं.

रात्री ही यादी वाचून हिने नकाशा पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पासाचं नाव बरोबर आहे. कुणाला आवडेल तेथे, एवढंच त्यांनी लिहिलेलं नाही."

मी मनाची समजूत घातली ती गोडसे भटजींवरून. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत अडकले आणि त्यातून 'माझा प्रवास' हे पुस्तक झालं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण ते देशाटनाची हौस म्हणून निघाले नव्हते. घरावर कर्ज होतं, उत्तरेत मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा मिळणार असं ऐकून गेले. वाटेत लुटले गेले आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परत आले. म्हणजे मराठी माणसाच्या सगळ्यात गाजलेल्या प्रवासातही एक काम होतं आणि येताना घरच्यांसाठी काहीतरी आणायचं होतं. त्यामानाने कवठाची बर्फी हलकी.

स्वारगेटहून निघालो तेव्हा गाडीत जागा मिळाली, ती चाकावरची. पास हातात असला म्हणून खिडकी मिळतेच असं नाही. कोल्हापुरात चप्पलवाल्यानं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं, चष्मा वर केला आणि रेघेकडे बराच वेळ पाहिलं. "हे पोरगं एका पायावर उभं होतं काय?" मी म्हटलं, गुदगुल्या. त्यानं खाडी बोटानं बुजवली आणि दुसऱ्या पेन्सिलीनं खरी रेघ मारली. मग चामडं कसं कमावतात, वेण्या कशा घालतात, कापशी म्हणजे काय हे मला चहाबरोबर मिळालं. २०१९ला कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा कागद त्यानं काच घालून भिंतीवर लावलेला. प्राडाचं विचारलं तर म्हणाला, "त्यांनी घातली, बरं केलं. पण तेल लावत्यात का?" मला उत्तर देता येईना. त्यानं माझ्या पायांतल्या सँडलकडे पाहिलं आणि सभ्यपणे काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाचंही काम नसलेलं एक ठिकाण पाहावं म्हणून मी मुद्दाम पन्हाळ्याला गेलो. पन्हाळा उत्तम आहे. तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जाकोठी, सगळं जागच्या जागी आहे, आणि २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत जे मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यांत तोही आहे. अंबारखान्याच्या कोठारांत गडाचं धान्य मावायचं हे पाहून मी थक्क झालो आणि थक्क होऊन झाल्यावर काय करायचं ते कळेना. चपलेच्या दुकानात मला कुणी 'या, बसा' म्हणालं होतं. इथे मी फोटोच्या आड येत होतो, म्हणून लोक 'काका, जरा बाजूला' म्हणत होते. दुपारच्या गाडीनं खाली उतरलो आणि वाडीला जायची गाडी शोधली, आणि खरं सांगायचं तर जरा हायसं वाटलं.

नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात. पादुकांपाशी औदुंबर आहे. काकूंच्या अकरा प्रदक्षिणा मी सुरू केल्या तेव्हा पहिल्या तीन बऱ्या गेल्या. चौथ्या फेरीला माझाही गुडघा बोलायला लागला. शेजारून एक गृहस्थ झपाझप चालले होते. त्यांना विचारलं, दुसऱ्याच्या नावानं घातलेल्या प्रदक्षिणा चालतात का? ते न थांबता म्हणाले, "चालणाऱ्याच्याच चालतात." पुढच्या फेरीत पुन्हा गाठून म्हणाले, "नाव घेतलंत ना त्यांचं? मग झालं." मी काकूंचं नाव घेतलं नव्हतं. त्यांचं नाव मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं त्या काकूच आहेत. फोन करून विचारलं, तर त्या इतक्या लाजल्या की आधी त्यांनी 'कशाला हो?' असं दोनदा विचारलं.

आंबा घाटातून गाडी उतरली तेव्हा ऊन झाडीत गळत होतं. एका फाट्यावर एक बाई हातात डबा घेऊन उभी होती. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, डबा घेऊन समोर काचेपाशी ठेवला, निघाला. रत्नागिरीत शिकणाऱ्या पोराचा डबा. कंडक्टरला म्हटलं, "याचं काही तिकीट?" तो म्हणाला, "काका, पोरगं उपाशी बसेल." आणि पुढच्या माणसाकडे वळला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली. तिच्या काचेपाशीही कुणाचा तरी डबा असणार, अशी माझी खात्री आहे. पुरावा काही नाही.

रत्नागिरीतल्या कचेरीत खिडकीमागच्या मुलीनं दाखला उलटून पाहिला. "हे स्वतः का नाही आले?"

"चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत."

"पण आहेत ना?"

"त्याचाच तर हा कागद आहे."

ती कागद घेऊन आत गेली आणि आतून एक टक्कल पडलेले साहेब स्वतः बाहेर आले. डोळे बारीक करून त्यांनी सही पाहिली. "अजून छडी असते का हो त्यांच्याकडे?" म्हटलं, आता काठी असते. साहेबांनी तळहात माझ्यापुढे धरला, जणू वळ अजून दिसत असावेत. "चौथीत. वेलांटीवरून. अख्खा वर्ग बाहेर उन्हात आणि मी आत." मग खुर्ची दिली, चहा मागवला, शिक्का स्वतः मारला आणि पोच स्वतःच्या हातानं लिहून दिली. म्हणाले, "हयातीचा दाखला पाहायची मला गरज नव्हती. तो हात मी खाल्लाय. इतक्यात जायचा नाही."

चिपळूणला रात्र काढली. बसस्थानकावर चहावाला २०२१च्या जुलैच्या महापुराच्या खुणा दाखवत होता. पाणी इथवर आलं, मग इथवर. तेव्हा आगार व्यवस्थापक आणि त्यांची माणसं नऊ लाखांची रोकड उराशी धरून बुडत्या आगारात एका गाडीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिली होती. बँकवाला म्हणून मला याचं फार कौतुक. आमच्या शाखेत रोकड मोजताना पंखा बंद केला तरी लोक कुरकुर करायचे.

कुंभार्ली घाट चढून हेळवाकच्या पुढे एका फाट्यावर उतरलो. वॉचमनची आई ओसरीवर तांदूळ निवडत होती, म्हणजे तांदूळ हातानं चाचपत होती. मी रुमालाची गाठ सोडून डबी दिली. तिनं चष्मा काढला, लुगड्याच्या पदरानं पुसला, हळूच नाकावर ठेवला. आधी स्वतःचे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी. मग सुपात पाहिलं आणि भराभर चार खडे काढून अंगणात फेकले. "बगा, हे समदं आमी खात हुतो." शेवटी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पोरगं म्हनलं, सायब येत्याल. म्या म्हनलं, कुनी तरणाबांड यील. तुमी तर माज्याच वारगीचं."

तिला मी जेवल्याशिवाय सोडणं शक्यच नव्हतं. आमटी उकळेपर्यंत ती बोलत होती. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. घर बसलं, ती आत. "शेजारच्या आप्पानं मातीतनं वडून काडली मला. मंग गेला सोत्ताच्या घराकडं. तवर त्याच्या घरातलं..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. पळी आपटून आमटी ढवळली आणि मला वाढली. मी पुढे काही विचारलं नाही. भाकरी गरम होती.

निघताना तिनं लेकासाठी लाल भोपळा दिला. लहानसहान नव्हे. दोन्ही हातांत घेतला की पुढचं दिसत नव्हतं. कराडला पुण्याची गाडी मिळाली आणि एकच जागा रिकामी होती. भोपळा मांडीवर घेतला. कंडक्टरनं पास पाहिला, फोटो पाहिला, भोपळा पाहिला. "यांचा पास?" मागून कुणी तरी म्हणालं, "पाच वर्षांखालचा आहे, फुकट असंल." साताऱ्यापर्यंत अख्ख्या गाडीला त्याच्यावरून भाज्या सुचत होत्या, आणि शेजारच्या बाईंनी घारग्यांत गूळ किती घालायचा ते मला दोनदा पाठ म्हणून दाखवायला लावलं. खंबाटकीत गर्दी झाली, गाडी रखडली. शिरवळ मागे पडल्यावर कंडक्टर परत आला आणि हातातलं घड्याळ माझ्यापुढे धरून अगदी हळुवारपणे म्हणाला, "काका, तुमचे बारा वाजले." पासाची मुदत संपली होती. पुढचं तिकीट काढलं. अर्धं. ही म्हणाली होती तसंच.

सकाळी वाटप झालं. वॉचमननं भोपळा केबिनमध्ये खुर्चीवर ठेवला आणि स्वतः उभा राहिला. काकूंनी अंगारा लावून घेतला, बर्फी गुडघ्याला चालते का ते मात्र विचारलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मी तेल कसं लावायचं ते सांगितलं. तो म्हणाला, "काका, याचा व्हिडिओ असेल ना?"

गुरुजींकडे गेलो तेव्हा ते खिडकीपाशी बसले होते. फोल्डर हातात दिला. साहेबांनी आठवण काढली, चहा पाजला, वळ दाखवले, सगळं सांगितलं. गुरुजी खूश झाले असावेत, पण दाखवलं नाही. त्यांनी पोच उजेडात धरली, दोनदा वाचली आणि टेबलाच्या खणातून लाल पेन काढलं.

साहेबांनी लिहिलं होतं: 'हयातीचा दाखला मीळाला.'

गुरुजींनी 'मी'भोवती गोल काढला. वर 'ऱ्हस्व' असं लिहिलं. खाली शेरा दिला, दहापैकी सहा, आणि कागद माझ्यापुढे धरला. "हे त्याला नेऊन द्या. शब्द दहा वेळा लिहून घ्या. आणि खाली पालकांची सही."

"गुरुजी, साहेब स्वतःच रिटायरमेंटला आलेत. त्यांचे वडील आता हयात नसतील."

"नसतील," गुरुजी पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तर तसा दाखला जोडायला सांगा."